गोड्या पाण्यातली जहाजं, कोरड्या दप्तरात

उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सवर चालणाऱ्या जहाजांची कागदपत्रं जपणाऱ्या ग्रंथालयांविषयी मागच्या अंकात लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. कौतुकाची पत्रं बाजूला ठेवतो. विचारणारी आणि भांडणारी तेवढी इथे घेतली आहेत. काहींना कात्री लावावी लागली, आशयाला हात लावलेला नाही.

पुण्याहून एक वाचक : "स. न. वि. वि. जहाजं म्हटली की समुद्र आला. तळ्यात फिरणाऱ्या बोटींची कागदं एका विद्यापीठानं कपाटं भरभरून ठेवावीत, त्यासाठी पगारी माणसं नेमावीत, हे काही पटलं नाही. होड्या आमच्या खडकवासल्यातही चालतात."

खडकवासल्याचा टोला पोचला. आता आकडे बघा. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि आँटॅरिओ या पाच सरोवरांचं क्षेत्रफळ मिळून सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर भरतं. अख्खा महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटरांचा आहे. एकटं सुपीरियरच आपल्या कोकण विभागाच्या अडीचपटीहून मोठं. नोव्हेंबर १९१३च्या वादळात इथे १२ जहाजं माणसांसकट बुडाली, अडीचशेहून जास्त जीव गेले. त्यातलं 'चार्ल्स एस. प्राइस' ह्युरॉन सरोवरात पालथं तरंगत राहिलं होतं. पाणबुड्या खाली जाऊन नाव वाचून येईपर्यंत ते जहाज कोणतं, हेच काठावरच्यांना कळत नव्हतं.

पण आकार मोठा म्हणून दप्तर मोठं होत नाही. दप्तर वाढतं ते पैशाच्या व्यवहारानं. लोखंडाच्या खाणी वर सुपीरियरच्या बाजूला, कोळसा खाली पेनसिल्व्हेनिया-ओहायोकडे, आणि मध्ये हे पाणी. सुपीरियर आणि ह्युरॉन यांना जोडणाऱ्या सेंट मेरीज नदीत २१ फुटांची उतरण आहे. तिथे माल उतरवायचा, काठाकाठानं वाहून न्यायचा आणि पलीकडे दुसऱ्या जहाजात भरायचा, असा खटाटोप होता. १८५५ मध्ये सू सेंट मरी इथे लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून जहाजं चढवणारे-उतरवणारे दरवाज्यांचे हौद, बांधले गेले आणि तो खटाटोप संपला. क्लीव्हलँड, बफेलो, डेट्रॉइट, शिकागो ही शहरं या वाहतुकीवर पोसली. १८६९ मध्ये 'आर. जे. हॅकेट' नावाचं लाकडी जहाज निघालं. सुकाणूघर अगदी पुढे, इंजिन अगदी मागे आणि मधली सगळी जागा मालाला. हा साचा पुढे शंभर वर्षं चालला. खनिज, धान्य, कोळसा, चुनखडी यांच्या प्रत्येक फेरीमागे मालाची पावती, विमा, जकातीची नोंद, ओढबोटीचं बिल आणि काही बिनसलं तर कोर्टाचे कागद.

यातले पुष्कळ कागद सरकारपेक्षा छांदिष्टांनी वाचवले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मिलवॉकीच्या हर्मन रुंगे यांनी जमवलेला जहाजांच्या नोंदींचा संग्रह आज तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. मिशिगनमधल्या अल्पीना गावच्या ग्रंथालयात पॅट्रिक लबाडी यांचा संग्रह आहे. (आडनाव खरंच तसं आहे. माणूस सचोटीचा.) ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात १९६०च्या दशकाच्या शेवटी रिचर्ड राइट या प्राध्यापकांनी सरोवरांवरच्या कागदांचं संशोधनकेंद्र उभं केलं. त्याच संग्रहात अमेरिकन शिपबिल्डिंग या मोठ्या जहाजबांधणी कंपनीचं दप्तर येऊन पडलं. कंपन्या बंद पडतात तेव्हा यंत्रं विकली जातात आणि नकाशे कचऱ्यात जातात. कचऱ्याच्या गाडीआधी पोचणारं कुणी असलं, तरच ते वाचतात.

सांगलीहून एक निवृत्त हिशेबनीस : "एडमंड फिट्झगेराल्ड हे जहाज १९७५ साली बुडालं असं आपण लिहिलंत. मी थोडं शोधलं. जहाज १३,६३२ टनांचं आणि त्यात माल २६,११६ टन. म्हणजे जवळपास दुप्पट भरणा. मग बुडण्यात नवल ते काय? यावर चौकश्या कसल्या करत बसले?"

हिशेबाला बसलेल्या माणसानं हीच शंका काढायला हवी होती. मात्र तुम्ही ताडून बघताय त्या दोन रकमा एका खात्यातल्या नाहीत. १३,६३२ हा 'ग्रॉस टन' आहे आणि त्याचा वजनाशी संबंध नाही. जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेचं ते माप आहे, १०० घनफुटांना एक टन. कर आणि शुल्क आकारायला ते वापरतात. २६,११६ हे टॅकोनाइटच्या गोळ्यांचं, म्हणजे प्रक्रिया केलेल्या लोहखनिजाचं, खरं वजन आहे, २,२४० पौंडांच्या लाँग टनात. ७२९ फूट लांबीच्या त्या जहाजाला एवढा माल नेहमीचाच होता.

आता तुमच्या बाजूचंही सांगतो. जहाज किती खोल बुडेपर्यंत भरायचं याची कायदेशीर रेघ असते. १९५८ मध्ये फिट्झगेराल्ड पाण्यात उतरलं तेव्हाची रेघ १९६९, १९७१ आणि १९७३ अशी तीनदा शिथिल झाली. शेवटी पाण्याच्या पातळीपासून डेकपर्यंतची किमान उंची सुरुवातीपेक्षा तीन फुटांहून जास्त कमी चालू लागली. भरणा नियमाबाहेर नव्हता. नियमच हळूहळू सैल झाला होता. १० नोव्हेंबर १९७५च्या रात्री सुपीरियरवर जहाज २९ माणसांसह गेलं, वाचलं कुणीच नाही. तटरक्षक दलाच्या अहवालानं बोट ठेवलं ते मालाच्या तोंडांवरची झाकणं नीट बंद न होण्यावर. वाहतूक सुरक्षा मंडळ म्हणालं, लाटांनी झाकणंच कोसळली. जहाजमालकांच्या संघटनेला दोन्ही अमान्य. कॅरिबू बेटाजवळच्या उथळ खडकाला तळ घासला, असं तिचं म्हणणं. कोणता निष्कर्ष कुणाच्या खिशाला परवडणारा होता, हे तुम्हाला मी सांगायला नको. गॉर्डन लाइटफूटच्या गाण्यानं हे जहाज जगभर पोचवलं, पण गाण्यात ते क्लीव्हलँडला निघालं आहे. प्रत्यक्षात त्याला जायचं होतं डेट्रॉइटच्या झग आयलंडवर.

जुनी कागदं चाळणाऱ्यांसाठी आणखी एक. १८६४ मध्ये अमेरिकेत टनभार मोजायची रीत कायद्यानं बदलली. त्यामुळे शिडाच्या एकाच जहाजाचा टनभार १८६० च्या आणि १८६६ च्या कागदात वेगवेगळा दिसतो. जहाज मधल्या काळात वाढवलं असेल असा अंदाज बांधू नका. बऱ्याचदा ते तेवढंच असतं.

डेट्रॉइटजवळच्या एका मराठी गृहिणी : "गराज सेलमध्ये एक जुना फोटो घेतला. मागे पेन्सिलीनं 'एल्टन हॉइट' असं नाव आहे, तारीख नाही. शेजारचे आजोबा म्हणतात हे जहाज विकलं गेलं आणि आता कॅनडात मिचिपिकोटन नावानं चालतं. ग्रंथालयात विचारलं तर म्हणाले, त्याचं शेवटी सेंट मेरीज चॅलेंजर झालं आणि मग बार्ज करून टाकली. दोघंही ठामपणे सांगतात. नक्की कोण बरोबर?"

दोघंही. तुमचा फोटो मात्र त्यातल्या एकाच जहाजाचा आहे.

पहिलं जहाज १९०६ मध्ये मिशिगनमधल्या इकॉर्स इथे बांधलं गेलं, नाव 'विल्यम पी. स्नायडर'. १९२६ मध्ये ते 'एल्टन हॉइट' झालं. १९५२ मध्ये कंपनीचं नवं मोठं जहाज तयार झालं, त्याला हेच नाव द्यायचं ठरलं. म्हणून जुन्याचं नाव काढून त्याला 'अॅलेक्स डी. चिझम' केलं. तेच पुढे मेडूसा चॅलेंजर, साउथडाउन चॅलेंजर आणि सेंट मेरीज चॅलेंजर. २०१३च्या हंगामापर्यंत ते वाफेवर चाललं. मग इंजिन काढून त्याची सिमेंट वाहणारी बार्ज केली. १९५२चं जहाज पन्नास वर्षं हॉइट नावानंच राहिलं आणि २००३ मध्ये कॅनडात जाऊन मिचिपिकोटन झालं. जहाजांना मालकांची, अध्यक्षांची, बँकरांची नावं द्यायची इथली रीत असल्यामुळे हा घोळ सतत होतो. अध्यक्ष बदलला की नाव बदललं.

म्हणून या दप्तरात काम करणारे लोक नावावर विसंबत नाहीत, क्रमांक धरतात. १८६६च्या कायद्यानं प्रत्येक अमेरिकन जहाजाला सरकारी क्रमांक मिळाला. तो मुख्य तुळईवर कोरायचा आणि जहाज असेपर्यंत बदलायचा नाही. नावं सहा झाली तरी क्रमांक एकच. जुन्या जहाज-सूचीत आधी क्रमांक शोधायचा आणि मग पुढे-मागे चालत जायचं.

तुमच्या फोटोसाठी सोपी युक्ती आहे. १९०६चं जहाज साडेपाचशे फुटांच्या घरातलं, १९५२चं त्याहून पुष्कळ लांब. डेकवरची मालाची तोंडं मोजता येतात का बघा. मोजता आली नाहीत तर फोटोच्या कागदाचा मागचा छाप, मागे धक्का दिसत असेल तर त्यावरची यंत्रं, गाड्यांची मॉडेलं, यावरून काळ ठरतो. डेट्रॉइटच्या बेल आयलवरच्या डॉसिन संग्रहालयात या प्रश्नांना सरावलेली माणसं आहेत. मूळ फोटो टपालानं पाठवू नका, आधी प्रत काढा.

शंभर वर्षांहून जास्त चाललेलं जहाज ऐकून कुणाला आश्चर्य वाटलं असेल, तर कारण एवढंच की गोड्या पाण्यात पोलाद खाऱ्या पाण्याच्या मानानं फार सावकाश गंजतं. शिवाय हिवाळ्यात सरोवरं गोठतात आणि जहाजांना दर वर्षी सक्तीची सुट्टी मिळते. ती दुरुस्तीत जाते.

क्रमांकाच्या आधीच्या काळासाठी, म्हणजे १८६६पूर्वी, नावनोंदणीचे दाखले कामाला येतात. बंदराच्या जकात कचेरीत केलेली ही नोंद दिसायला अगदी रुक्ष. लांबी, रुंदी, खोली, डोलकाठ्या किती, डेक किती, कुठे आणि कधी बांधलं, कप्तान कोण. खरी मजा मालकांच्या यादीत आहे. जहाजाचे हिस्से पाडत, आठवा, सोळावा. आपल्याकडे मळ्यात एकाचे चार आणे आणि दुसऱ्याचे दोन आणे असावेत, तसंच. मालकी बदलली की जुना दाखला जमा करून नवा घ्यायचा आणि जमा करण्याचं कारणही लिहायचं. एका जहाजाचे असे सगळे दाखले ओळीनं लावले की भागीदारी कधी मोडली, कर्ज कधी झालं, नवरा गेल्यावर हिस्सा बायकोच्या नावावर कधी चढला, हे एकही पत्र न वाचता कळतं.

अलिबागहून एक वाचक : "आमच्या घरात 'रामदास' बोटीची आठवण अजून निघते, आजोबांचे थोरले भाऊ तीत होते. तुमच्या त्या सरोवरांत असं काही घडलंय का? आणि घडलं असेल तर ग्रंथालयातल्या कागदांनी कुणाला न्याय मिळाला का, हे सांगा."

रामदास १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाताना काश्याच्या खडकाजवळ कलंडली, सहाशेहून अधिक माणसं गेली. तुमच्या घरातही त्यातलं एक होतं. त्याच्या ३२ वर्षं आधी शिकागोत जे झालं त्यात वादळही नव्हतं, लाटही नव्हती. जहाज धक्क्यालाच बांधलेलं होतं.

'ईस्टलँड' १९०३ मध्ये बांधलेली प्रवासी बोट, पहिल्यापासून डगमगणारी म्हणून बदनाम. २४ जुलै १९१५, शनिवार. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीची कामगार सहल मिशिगन सिटीला निघायची होती. अडीच हजारांवर माणसं चढली. त्यांत बोहेमियाहून आलेली कुटुंबं पुष्कळ होती, पोराबाळांसकट नवे कपडे घालून आलेली. सकाळी साडेसातच्या सुमारास बोट शिकागो नदीत एका कुशीवर आडवी झाली. तिथे पाणी सुमारे २० फूट होतं, काठ हाकेच्या अंतरावर. तरीही ८४४ माणसं मेली, बहुतेक बोटीच्या आत अडकून. २२ कुटुंबांत मागे कुणीही उरलं नाही.

यात एक विपरीत गोष्ट आहे. टायटॅनिक बुडाल्यानंतर सगळीकडे जीवरक्षक होड्या वाढवायची मागणी झाली आणि १९१५च्या मार्चमध्ये अमेरिकेनं खलाशांसाठी नवा कायदा केला. त्या पार्श्वभूमीवर ईस्टलँडवर जुलैच्या सुरुवातीला जादा होड्या आणि तराफे चढवले होते, तेही वरच्या डेकवर. आधीच वरून जड असलेल्या बोटीचं वजन आणखी वर गेलं. मुळातच डुगडुगणाऱ्या जहाजावर ते चढवावं की नाही, हा प्रश्न मात्र तपासणाऱ्यांच्या कागदात कुठेच नव्हता.

आता न्यायाचं. फौजदारी सुनावणी झाली ती आरोपींना शिकागोला पाठवायचं की नाही, एवढ्यापुरती. मुख्य इंजिनिअरच्या बाजूनं उभे राहिले क्लॅरेन्स डॅरो, त्या काळचे नामांकित वकील. आरोपींना पाठवायला न्यायालयानं नकार दिला. दिवाणी दावे २० वर्षं चालले. १९३५ मध्ये अपील न्यायालयानं निकाल दिला तो असा की जहाज चालण्यालायक होतं आणि दोष इंजिनिअरचा, त्यानं तोल सांभाळणाऱ्या तळाच्या टाक्या नीट भरल्या नाहीत. तो इंजिनिअर तोवर केव्हाच मरण पावला होता. अमेरिकेत १८५१चा एक कायदा आहे. त्यानुसार मालकाचा थेट दोष सिद्ध झाला नाही तर त्याची जबाबदारी बुडाल्यानंतर जहाजाची जी किंमत उरेल तेवढीच. वारसांच्या वाट्याला काय आलं असेल, याचा अंदाज करा. ईस्टलँड वर काढली, नौदलानं विकत घेतली, 'विल्मेट' नावानं गनबोट म्हणून चालवली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मोडीत काढली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : नाही, कागदांनी न्याय दिला नाही. हे दप्तर मुळात मालमत्तेचं आहे. जहाज किती पैशांचं, कुणाच्या मालकीचं, विमा किती, हे त्यात बारकाईनं मिळतं. मेलेल्या माणसांचा पत्ता शोधायला चर्चची नोंदवही, दफनभूमीचं रजिस्टर आणि वर्तमानपत्रं बघावी लागतात. ईस्टलँडचे चेहरे आपल्यापर्यंत पोचले ते मुख्यतः जुन फुजिता या जपानी वंशाच्या वृत्तछायाचित्रकारामुळे. तो त्या सकाळी काठावर पोचला आणि फोटो काढत राहिला.

म्हापशाहून एक वाचक : "माझे पणजोबा तारवटी (खलाशी) होते, मुंबईच्या कुडात (गोवेकरांच्या वसतिगृहात) राहत. १९२८च्या सुमारास ते मोठ्या लायनरवरून थेट शिकागोला गेले असं घरात सांगतात. त्यांचं नाव या ग्रंथालयात सापडेल का?"

थेट लायनरनं शिकागोला, हे घडलेलं नाही. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स सीवे सुरू झाला तोवर माँट्रिअलच्या पुढे जाणाऱ्या कालव्यांत १४ फूट पाणी असे आणि लॉक सुमारे २७० फूट लांबीचे. त्यातून अडीचशे ते दोनशे साठ फुटांची छोटी मालवाहू जहाजं जात. पाचशे फुटांची लायनर माँट्रिअललाच थांबायची. पणजोबा माँट्रिअलला किंवा न्यूयॉर्कला उतरून आगगाडीनं शिकागोला गेले असतील, किंवा घरात गावाचं नाव बदललं असेल. दोन्ही होतं.

ग्रेट लेक्सच्या ग्रंथालयांत त्यांचं नाव मिळणार नाही, कारण ती कागदं सरोवरांवरच्या जहाजांची आहेत. तुमचा रस्ता न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स गावी जातो. तिथल्या मेमोरियल विद्यापीठाच्या मेरिटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये ब्रिटिश साम्राज्यातल्या जहाजांचे १८६३ ते १९३८ या काळातले खलाशी-करार मोठ्या प्रमाणावर आहेत. जहाजाचं नाव आणि साल हवंच, शक्य तर सरकारी क्रमांकही. फार आशा लावून बसू नका. भारतीय खलाशांचे करार वेगळ्या कागदावर होत आणि मुख्य यादीत पुष्कळदा त्यांची नावं न लिहिता नुसती संख्या असते. पणजोबांचं डिस्चार्ज सर्टिफिकेट पेटीत कुठे आहे का, ते आधी बघा. धोबी तलावच्या कुडांत जुन्या वह्या असतील तर तिथेही विचारा. मला तर तोच मार्ग जवळचा वाटतो.

नाशिकहून एक विद्यार्थी : "बुडालेली जहाजं सापडली की ग्रंथालयाचं काम संपत असेल ना? प्रत्यक्ष वस्तूच समोर आल्यावर कागद कशाला?"

उलट तेव्हाच सुरू होतं. थंड गोड्या पाण्यात लाकूड कोरणारा समुद्री किडा नसतो, त्यामुळे ग्रेट लेक्सच्या तळाशी डोलकाठ्यांसकट उभी जहाजं मिळतात. पण तळाशी दिसलेलं जहाज कोणतं, हे कागदच सांगतात. ह्युरॉनमधल्या थंडर बे संरक्षित क्षेत्रात 'आयर्नटन' नावाचं मालवाहू जहाज सापडलं, १८९४च्या सप्टेंबरमध्ये दुसऱ्या जहाजाला धडकून बुडालेलं. त्या वेळी जे दोघं वाचले त्यांच्या सांगण्याप्रमाणे बाकीचे पाचजण जीवरक्षक होडीत चढले होते, पण होडीचा दोर जहाजापासून सुटला नाही. शोधकांनी कॅमेरा खाली सोडला तेव्हा होडी अजून जहाजाला बांधलेलीच होती.

घाई मात्र आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी परदेशी जहाजांनी तोल राखायला तळाशी भरलेल्या पाण्यातून झेब्रा आणि क्वागा जातीचे शिंपले आले. ते आता लाकडावर आणि धातूवर थरच्या थर चढवताहेत. आणि हो, खाली उतरून आठवण म्हणून काही उचलून आणायचा विचार असेल तर सोडा. १९८७च्या अमेरिकी कायद्यानं अमेरिकेच्या हद्दीतली ही बेवारस जहाजं तिथल्या राज्यांच्या मालकीची आहेत.

शेवटी, तीन-चार जणांनी एकच विचारलं आहे : हे सगळं घरबसल्या बघता येतं का?

काही प्रमाणात. बोलिंग ग्रीन आणि अल्पीना इथल्या जहाज-सूच्या आणि बरेच फोटो संगणकावर आहेत, फुकट. जहाजबांधणीचे मोठे नकाशे, रोजकिर्दी, पत्रव्यवहार यांच्यासाठी अजून जागेवर जावं लागतं किंवा तिथल्या माणसांना लिहावं लागतं. लिहिताना "ग्रेट लेक्सबद्दल माहिती हवी" असं लिहू नका. उत्तर येईल, पण पुस्तकांची यादी येईल. जहाजाचं नाव, अंदाजे साल, एखादं बंदर आणि तुम्हाला नेमकं काय हवं आहे ते लिहा. फोटो छापायचा असेल तर परवानगी वेगळी मागावी लागते, कधी शुल्कही पडतं. आणि पत्र हिवाळ्यात पाठवा. उन्हाळ्यात जहाजं चालू असतात आणि जहाजवेडे सगळे काठावर असतात.